बोअरचा जुना पाइप, सिमेंटची भर आणि आठ हजारांची चेसिस

‘भंगारातली मारुती ८०० अन् बोअरचा जुना पाइप, आठ हजारांत बग्गीची चेसिस तयार’ हा मेसेज यवतमाळ-अमरावतीकडच्या ग्रुपांवर कधीचा फिरतोय. बग्गी म्हणजे इथं घोड्याची नव्हे, पाइपांच्या उघड्या सांगाड्याची, खाचखळग्यांत पळवायची मोटार; तिचा सांगाडा म्हणजे चेसिस. इतके दिवस दुर्लक्ष केलं. आता तो भाच्याच्या कॉलेजच्या टीमकडे पोचला आणि त्यातल्या दोन पोट्ट्यांनी हातपंपाचे काढलेले पाइप खरोखरच वर्कशॉपमध्ये आणून टाकले, म्हणून लिहिणं भाग आहे. मेसेजमध्ये आठ मुद्दे आहेत. पहिला जीवावर बेतणारा, तिसरा निव्वळ अचाट, चौथ्यात अर्धं तथ्य, बाकीचे आपले नेहमीचे.

मोजायला एक आधार पाहिजे, म्हणून बाहा एसएई स्पर्धेचं नियमपुस्तक घेतो. कॉलेजच्या टीमांनी बनवलेल्या बग्ग्यांची ही स्पर्धा; आपली पोरं इंदूरजवळ पीथमपूरला जिच्यासाठी जातात, तीच ही. ड्रायव्हरभोवतीच्या मुख्य पाइपांसाठी त्यात सरळ लिहिलंय: गोल स्टील ट्यूब, बाहेरचा व्यास एक इंच म्हणजे २५.४ मिमी, जाडी ३ मिमी, कार्बन किमान ०.१८ टक्के. वेगळ्या मापाची घ्यायची असेल तर कडकपणात (म्हणजे न लवण्यात) आणि वाकण्याच्या ताकदीत ती १०१८ नावाच्या साध्या ग्रेडच्या स्टीलच्या या ट्यूबपेक्षा कमी भरता कामा नये, आणि जाडी १.५७ मिमीच्या खाली जाता कामा नये. हिशेबात १०१८ चं यील्ड ३६५ मेगापास्कल धरायचं. यील्ड म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो आकडा. स्पर्धेला जायचं नसलं तरी गाडी उलटली की डोक्यावरच्या पाइपाला हाच हिशेब लागू होतो.

‘बोअरचा किंवा हातपंपाचा जुना जीआय पाइप सगळ्यात भारी. सरकारी माल, गंजत नाही.’

हातपंपात जो उभा पाइप असतो तो ३२ एनबीचा मीडियम जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, आयएस १२३९ या भारतीय मानकाचा (एनबी म्हणजे आतल्या भोकाचं नावापुरतं माप). हे मानक पाणी, हवा, वाफ वाहून नेणाऱ्या पाइपांसाठी आहे. त्यात दाबाखाली गळती पाहतात, आटे पाहतात. तुटण्याची ताकद किमान ३२० मेगापास्कल असावी एवढंच ते मागतं, यील्डचा आकडा मागतच नाही. म्हणजे नियमपुस्तकातलं १०१८ ज्या ताणाला नुसतं वाकायला लागतं, त्याच्या आधीच हा पाइप तुटला तरी तो मानकात पासच.

आता एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. नवा कोरा २५ एनबी मीडियम पाइप घेतला तर कागदावर तो बसूही शकतो, कारण त्याचा व्यास मोठा असतो. प्लंबरचा ‘एक इंची’ पाइप बाहेरून २५.४ नसतो, ३३.७ मिमी असतो, जाडी ३.२. इथंच अर्ध्या पोरांची फसगत होते. ड्रॉइंग एक इंची ट्यूबचं, दुकानात मागितला ‘एक इंची पाइप’, घरी आला ३३.७ चा, आणि मग ना क्लॅम्प बसत ना जोडासाठी पाडलेली खाच जुळत. वजनही बघा: एक इंची ३ मिमी ट्यूब मीटरला १.६६ किलो, २५ एनबी पाइप २.४१ किलो, हातपंपाचा ३२ एनबी ३.०९ किलो. तीस मीटरच्या चेसिसला अनुक्रमे ५०, ७२ आणि ९३ किलो. मारुती ८०० च्या इंजिनाला हे सगळं ओढायचंय.

पण मेसेज नव्या पाइपाबद्दल बोलत नाही, जुन्याबद्दल बोलतो. जुना पाइप आतून कसा असतो ते हॅकसॉनं एक तुकडा उभा चिरून पाहा. बाहेर जस्ताची चमक टिकलेली असते आणि आत खड्डे. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातून निघालेला असेल तर खात्रीनं. व्हर्नियर टोकाला लावून ३.२ दिसलं म्हणून खूश होऊ नका. फुटभर आत दोन मिमी उरलेले असू शकतात, आणि वाकताना पाइप तिथंच मोडतो. दुसरी जागा आट्यांची. या मापाच्या आट्यांची खोली सुमारे दीड मिमी, म्हणजे ३.२ पैकी खाली उरतात १.७. पोट्टे लांबी पुरवायला आट्यांसकट पाइप वापरतात आणि वर सॉकेट वेल्ड करून म्हणतात, ‘जॉइंट डबल झाला’. डबल कायचा? भेग कुठून सुरू व्हायची ती जागा आखून दिली फक्त.

आणि जस्त. स्टील वितळतं दीड हजार अंशांच्या आसपास, जस्त ९०७ अंशांना उकळतं. म्हणजे आर्क पेटला की जस्ताची वाफच होते. ती वितळलेल्या धातूतून बुडबुडे काढत वर येते, वेल्ड आतून जाळीदार राहतो, आणि वरून ग्राइंडर मारल्यावर मात्र देखणा दिसतो. ‘आम्ही ग्राइंडरनं जस्त काढतो’ असं उत्तर येईल. बाहेरचं काढाल, आतल्या अंगाचं काय? उष्णता पाइपाच्या भिंतीतून आत जाते, तिथलं जस्त उकळतं आणि मुळातूनच छिद्र पाडतं.

वेल्डरच्या अंगाचं तर मेसेजमध्ये नावच नाही. पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी, बहुधा रात्री, थंडी वाजून ताप येतो, तोंडात धातूची चव, अंग मोडून येतं. पावसाळ्यात आपल्याकडे त्याला मलेरियाच समजतात. बहुतेकांचा एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून कोणी मनावर घेत नाही. दूध प्यायल्यानं, गूळ खाल्ल्यानं धूर उतरतो हा दुकानादुकानातला समज आहे. दूध जातं पोटात, धूर गेलेला असतो फुप्फुसात. उपाय एकच, जीआय वेल्ड करायचाच नाही. कधी करावाच लागला तर उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता, वारा बाजूनं येईल असं उभं राहून, धुराचा मास्क लावून. पाठीमागून वारा आला की समोर भोवरा होतो आणि धूर तोंडावर येतो. दम लागला तर दूध शोधत बसू नका, दवाखान्यात जा.

‘जितका जाड, तितका मजबूत.’

अर्धवट. वाकण्याला विरोध करण्यात व्यासाचा वाटा जाडीपेक्षा मोठा असतो. एक इंची ३ मिमी ट्यूबच्या शेजारी ३१.८ मिमी व्यासाची, २ मिमी जाडीची ट्यूब ठेवा. दुसरी मीटरला १.४७ किलो, म्हणजे ११ टक्के हलकी, आणि कडकपणा दीडपटीहून जास्त. ताकद मात्र स्टीलच्या ग्रेडवर जाते. नियमपुस्तकाच्या ट्यूबची वाकण्याची ताकद ३८७ न्यूटन-मीटर निघते. ३१.८ × २ ची ट्यूब वायएसटी २४० ग्रेडची (नावातला आकडा हेच यील्ड) असेल तर ३१५ वर अडकते, म्हणजे नापास. वायएसटी ३१० असेल तर ४०७, म्हणजे पास. दुकानात दोन्ही एकाच रॅकवर, एकाच तेलात, सारख्याच दिसतात. बाहाला जायचं असेल तर कार्बनची अट वेगळी तपासायची.

म्हणून टेस्ट सर्टिफिकेट. आयएस ३०७४ हे वाहनांच्या ट्यूबचं मानक आहे, आयएस ३६०१ यंत्रकामाचं, आयएस ११६१ बांधकामाचं. नागपूरच्या इतवारीतल्या लोहाओळीत घ्या नाहीतर बुटीबोरी-हिंगण्याच्या स्टॉकिस्टकडे, बिलावर मानक, ग्रेड आणि हीट नंबर (स्टील ज्या घाण्यात वितळलं त्याचा क्रमांक) लिहून मागा. ‘भाऊ, एमएसच आहे’ (एमएस म्हणजे माइल्ड, साधं स्टील) हे उत्तर मिळालं तर पुढच्या दुकानात जा. ग्रिलवाल्यांचा अठरा गेजचा पाइप पण एमएसच असतो.

जाडीत सूट मारली आहे का, हे वजनावरून पकडता येतं. व्यासातून जाडी वजा करा, त्याला जाडीनं गुणा, मग ०.०२४६६ नं गुणा. मीटरला किलो मिळतात. २५.४ × ३ ची सहा मीटरची नळी ९.९ किलोच्या आसपास भरली पाहिजे. ८.५ भरली तर ती अडीच मिमीची आहे, कोणी काहीही सांगो. कापूस मोजायचा काटा गावात घरोघर आहे, त्यावर टाकून पाहा. व्हर्नियर फक्त टोक दाखवतो, काटा सगळी नळी दाखवतो.

‘पाइपात सिमेंट किंवा वाळू ठासून भरा, लोखंड दुप्पट मजबूत होते.’

हा मुद्दा लिहिणाऱ्याला दंडवत. हिशेबच करू. २५ एनबी पाइपाच्या आत काँक्रीट भरलं तर मीटरला १.४ किलो वाढतात, म्हणजे ५८ टक्के. तीस मीटरला ४२ किलो, आणि त्यातले बरेच डोक्यावरच्या पाइपात, जिथं वजन वाढलं की गाडी लवकर उलटते. बदल्यात मिळतं काय? काँक्रीटचा कडकपणा स्टीलच्या साधारण आठव्या हिश्श्याचा, आणि ते पाइपाच्या मधोमध, जिथं वाकण्याला विरोध सगळ्यात कमी लागतो. अगदी एकसंध धरलं तरी कडकपणा दहा टक्क्यांच्या आतच वाढतो. तोही पहिल्या खड्ड्यापर्यंत, कारण वाकताना पाइपाची एक बाजू ताणली जाते आणि ताणात काँक्रीट लगेच तडकतं. तेच मीटरला ०.७ किलो स्टीलमध्ये घातले, म्हणजे २५ एनबीऐवजी ३२ एनबी घेतला, तर कडकपणा दुपटीच्या वर जातो. सिमेंटच्या निम्म्या वजनात.

‘इमारतीत काँक्रीट भरलेले लोखंडी खांब असतात की’ असं कोणी म्हणेल. असतात. ते उभे, दाबाखाली, आणि कुठं उड्या मारत जात नाहीत.

वाळूचं मात्र मूळ खरं आहे. पाइप वाकवताना चपटा होऊ नये म्हणून जुने कारागीर कोरडी बारीक वाळू ठासून दोन्ही टोकांना लाकडी बूच मारतात, वाकवतात आणि वाळू काढून टाकतात. मेसेजवाल्यानं हे कुठंतरी अर्धं पाहिलं आणि वाळू आतच ठेवली. यात धोका एवढाच की वाळू ओली असेल आणि पाइप गॅसनं तापवला, तर आत वाफ कोंडते आणि बूच उडतं. वाळू आधी कढईत भाजून घ्यायची, टोकासमोर कोणी उभं राहायचं नाही. सिमेंट भरलेल्या पाइपाला नंतर वेल्ड लावतानाही हेच, आतल्या ओलाव्याची वाफ वेल्डमधून फुटते.

वाकवायचंच तर मशीन नीट निवडा. तालुक्याच्या दुकानात प्लंबिंगचा हायड्रॉलिक बेंडर असतो, त्याचे साचे एनबी मापाचे. पाऊण इंचाच्या साच्याची खाच २६.९ मिमीची, त्यात २५.४ ची ट्यूब सैल बसते आणि बाकाच्या आतल्या अंगाला सुरकुती पडते. सुरकुती पडलेला बाक ठोकून सरळ करू नका, तो तुकडा फेका. ट्यूबच्याच मापाचा साचा पाहिजे, बाकाची त्रिज्या मध्यरेषेवर व्यासाच्या तिप्पट, म्हणजे एक इंचीला ७६ मिमीपेक्षा कमी नको, आणि शिवणीची, म्हणजे पट्टी गोल वळवून कडा वेल्ड केलेली ट्यूब असेल तर शिवण बाकाच्या आत किंवा बाहेर न येता बाजूला ठेवायची.

‘सीमलेसच पाहिजे, शिवणीचा पाइप फाटतो.’

यात तथ्य आहे, मान्य. आंतरराष्ट्रीय मोटर स्पोर्टची संस्था एफआयए आपल्या परिशिष्ट जे, कलम २५३ मध्ये रोलकेजसाठी (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणाऱ्या पाइपांच्या पिंजऱ्यासाठी) कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे बिनशिवणीची ट्यूबच मागते: मुख्य कमानीला ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमी, ताकद किमान ३५० मेगापास्कल. रॅलीत उतरायचं असेल तर वाद घालू नका, तीच घ्या. पण ‘फाटतो’ हे सरसकट खोटं. बाहाच्या अटीत सीमलेसचं नाव नाही, आणि मानकाप्रमाणे बनलेली ईआरडब्ल्यू, म्हणजे शिवणीची ट्यूब वाहनांत वर्षानुवर्षं वापरली जाते. शंका असेल तर दोन इंचाचा तुकडा कापा, शिवण बाजूला ठेवून व्हाइसमध्ये हळूहळू दाबा. निम्म्यापर्यंत चपटा होऊनही शिवण उघडली नाही तर ट्यूब घ्यायला हरकत नाही. कटकन उघडली तर सगळा लॉट परत.

‘क्रोमोली घेतला की काही पाहायचं काम नाही.’

पैसेवाल्या टीमांची अंधश्रद्धा. क्रोमोली म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं ४१३० ग्रेडचं स्टील. त्याचं यील्ड जास्त आहे, पण कडकपणा साध्या स्टीलएवढाच, कारण तो मिश्रधातूवर अवलंबून नसतो. त्याच मापाची ट्यूब घेतली तर चेसिस तेवढीच लवचिक राहणार. फायदा घ्यायचा तर व्यास वाढवून जाडी उतरवावी लागते, आणि पातळ ट्यूबला वेल्डर पक्का लागतो. कार्बन ०.२८ ते ०.३३ टक्के असल्यानं ती वेल्डजवळ लवकर टणक आणि ठिसूळ पडते. टिग वेल्डिंगनं, ईआर ७०एस-२ वायरनं, फट न ठेवता जोडायची आणि वारा न लागू देता हळू थंड होऊ द्यायची. सर्टिफिकेटवर क्रोमियम ०.८ ते १.१ आणि मॉलिब्डेनम ०.१५ ते ०.२५ टक्के नसेल तर ती क्रोमोली नव्हेच, नावाचे पैसे गेले. वरच्याच एफआयएच्या कलमात ही कमान ०.३ टक्क्यांपर्यंत कार्बनच्या, मिश्रधातू नसलेल्या साध्या स्टीलची आहे, एवढं लक्षात असू द्या.

‘वेल्ड गरम असतानाच पाणी मारा, पक्का बसतो.’

ही सवय ग्रिल-गेटच्या कामातून आली. त्या पाइपात कार्बन एवढा कमी असतो की पाणी मारलं तरी फारसं बिघडत नाही, म्हणून चालून गेली. ०.१८ टक्क्यांच्या वर वेल्डच्या कडेची पट्टी टणक होऊ लागते, ४१३० मध्ये तर काचेसारखी ठिसूळ. गाडी मग वेल्डमध्ये तुटत नाही, वेल्डला लागून तुटते, आणि दोष वेल्डरला दिला जातो.

खरी अडचण बहुधा वेगळीच असते. शेतावरच्या लाइनवर, पंप सुरू असताना, व्होल्टेज पडतं आणि रॉड वरवर सांडत जातो, मुळात शिरत नाही. अडीच मिमीचा ६०१३ रॉड ६० ते ९० अँपिअर मागतो; मशीनचा काटा तिथं असून उपयोग नाही, तेवढा करंट यायला पाहिजे. पावसाळ्यात रॉड कोरडे ठेवा. ७०१८ जातीचे रॉड वापरत असाल तर ओव्हनमध्ये ३००-३५० अंशांना तास-दोन तास भाजल्याशिवाय नको, आणि ओव्हन नसेल तर ७०१८ च नको. सोय असेल तर ०.८ मिमी वायरचं मिग वेल्डिंग सगळ्यात सोपं. खाच होल सॉनं पाडा, तोंडात एक मिमीपेक्षा जास्त फट राहिली तर रॉडनं भरू नका, तुकडा बदला.

काम सुरू करायच्या आधी त्याच ट्यूबचे, त्याच मशीनवर, त्याच माणसाच्या हातचे दोन नमुने करा. बाहात हे सक्तीचं आहे. एक काटकोनातला जोड, तो हातोड्यानं, पान्यानं, जसा जमेल तसा तोडायचा. ट्यूब फाटली तर वेल्ड पास, वेल्ड उखडला तर नापास. दुसरा ३० अंशांचा, तो उभा कापून वेल्ड मुळापर्यंत गेला का हे पाहायचं. मेसेज लिहिणाऱ्यानं एवढं एक जरी केलं असतं, तरी जीआयचा मुद्दा त्यानं स्वतःच पुसला असता.

‘गोल पाइप फक्त शोसाठी, चौकोनी घ्या.’ खालच्या सांगाड्याला, इंजिनाच्या बैठकीला चौकोनी चालतो, खाच पाडायची कटकट नाही. डोक्यावरच्या कमानीला नाही, तिथं मार कोणत्या बाजूनं येईल ते ठरलेलं नसतं आणि बाकही नीट येत नाही. अँगल आणि चॅनेल मात्र मुख्य सांगाड्यात अजिबात नको. साधारण ३० मिमी व्यासाची, ३ मिमी जाडीची नळी नुसती उभी चिरली तर तिचा पिळाला विरोध साठेक पटींनी घसरतो. चॅनेल म्हणजे जन्मतःच चिरलेला.

‘नंतर आरटीओत पासिंग करून घेता येते.’ येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी मालकाला बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठाम केलं. मारुतीचं आरसी बुक बग्गीला लागत नाही. स्वतःच्या वावरात किंवा स्पर्धेच्या ट्रॅकवर चालवा. त्यासाठी डांबरी रस्त्यानं न्यायची असेल तर टेम्पोत घालून.

त्या दोन पोट्ट्यांसाठी: पाइप भंगारात परत द्या, त्या पैशात नमुन्यांपुरती ट्यूब येईल. आणि बाहाच्या तपासणीत जाडी मोजता यावी म्हणून ट्यूबला साडेचार मिमीचं भोक पाडाल तेव्हा तपासणी झाल्यावर त्यात रबरी बूच बसवा. भोक उघडं राहिलं तर पहिल्याच पावसात पाणी आत जाईल.